कोळसुंद्यांचा लायनमन

लायनमनकाका कुठल्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावत. चहाचा कप असो, देवळाची घंटा असो, की पाहुण्याने पुढे केलेला हात असो. वीज खात्यात जन्म गेलेला माणूस. तळव्याने जिवंत तार धरली तर बोटं मिटतात आणि मग ती सुटत नाहीत. मागच्या बाजूने शिवली तर हात आपोआप दूर फेकला जातो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. "लायन चालू असा, असां समजानच हात लावचो," हे त्यांचं ब्रीद. तारेसाठी शिकलेली ही गोष्ट त्यांनी पुढे सगळ्या जगाला लावली. काकींच्या माहेरच्या माणसांनासुद्धा.

मी गुरांची डॉक्टर. आमचं घर मांद्र्याला. बाबा पर्यटकांना खोल्या देतात, आणि आमच्याकडचं रान म्हणजे किनाऱ्यावरचं सुरूचं बन. नोकरी लागली ती मात्र डिचोली तालुक्यात, दोडामार्गाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात. दवाखाना दोन खोल्यांचा. राहायला जागा कुठे मिळेल म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं आणि सगळेच जरा हसले.

काका बाल्कांवात, म्हणजे ओटीवरच्या सिमेंटच्या बाकावर बसले होते. सडपातळ, काळे, डोक्याला पिवळं हेल्मेट. माझी जात, माझं गाव, माझं लग्न यांतलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"शिटी मारतंस काय गो तू?"

"नाही."

"कुकर असा?"

"आहे."

"तेची शिटी काढून माज्याकडे देवची लागतली. उगवतेकडली खोली घे. जनेल उघडी ठेव, वारो बरो येता."

काकी आतून म्हणाल्या, "भिया नको गो बाय. भात शिजलो काय नाय तो वासान कळता. माका इतक्या वर्सांत एकदाय चुकाक नाय."

शिटीचं कारण संध्याकाळी कळलं. त्या बाजूच्या डोंगरात कोळसुंदे होते. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा: तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, आणि गळ्यात भुंकणं नाही. रानात एकमेकांपासून पांगले की ते शीळ घालून एकमेकांना बोलावतात. ती शीळ काकांना ऐकायची असे, सकाळी आणि दुपार कलल्यावर, रोज. मध्येच एखाद्या घरातला कुकर वाजला की हा माणूस जेवणाच्या पाटावरून उठून दारात जाई. शेवटी काकींनी स्वतःच शिटी बंद केली. "निदान जेवतलो तरी धड," म्हणाल्या.

त्या टोळीत सात मोठी जनावरं होती आणि काकांनी सातही जणांना नावं ठेवली होती. पुढे चालणारी म्हातारी मादी 'मेन स्विच'. सतत मागे राहणारा 'व्होल्टेज'. तो कधी असे, कधी नसे. एकाचा पाय थोडा लंगडा, तो 'लूज कनेक्शन'. मला हसू आवरलं नाही तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, "मनशांची नावां दिल्यार माया लागता. म्हणून ही नावां."

माया लागायची ती लागलीच होती. एखाद्या दिवशी शीळ ऐकू आली नाही तर काका दुपारी जेवत नसत. दोन दिवस आली नाही तर हेल्मेट चढवून, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचा काळा चष्मा लावून डोंगर चढत. चष्म्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. कोळसुंदा शिकारीला जाताना झुडपांवर मुततो, शेपटी त्यात भिजवतो आणि जनावराच्या डोळ्यांत शिंपडतो. जनावर आंधळं होतं. वाघसुद्धा म्हणून कोळसुंद्यांच्या वाटेला जात नाही. आणि ते कुत्रे काही कुणाचेही नव्हेत, राखणदाराचे. गावाच्या वेशीवर जो अदृश्य रखवाला फिरतो, त्याच्या मागून चालणारे. ही गोष्ट गावातली म्हातारी माणसं सांगत, पण सगळ्यांत रंगवून काका सांगत. कुणाची तरी एक म्हैस कशी आंधळी झाली, ती विहिरीत कशी पडली, तिच्या डोळ्यांतून आठ दिवस पाणी कसं वाहत होतं. ऐकणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्या उतारावर लाकडं तोडायला जात नसे.

मी एकदा विचारलं, "काका, म्हैस कोणाची?"

"आसली कोणाची तरी," ते म्हणाले आणि उठून गेले.

रोज सकाळी पोदेर, म्हणजे बेकरीवाला, पाव देऊन सायकलवरून पुढे गेला की काका त्याच्या मागोमाग निघत. घरोघर जाऊन कुत्र्यांच्या नाकाला हाताची मागची बाजू लावत. नाक ओलं-थंड असलं तर पुढे. कोरडं असलं तर मालकाला दहा प्रश्न. लोकांना ही खोड वेडेपणाची वाटे. मलाही वाटली होती. डोंगरातल्या रानकुत्र्यांवर जीव लावणारा माणूस गावातल्या कुत्र्यांची नाकं का तपासतो, हे मला सहा महिने कळलं नाही. त्यांनाही ते नीट कळलेलं नव्हतं. फक्त भीती होती.

ती भीती बाहेर पडली ती एका आजारी कुत्र्यामुळे. वरच्या वाड्यावरच्या एका घरचा कुत्रा घेऊन काका धावत दवाखान्यात आले. धावत म्हणजे खरोखरच धावत, पासष्टीच्या वयात, कुत्रा कांबळ्यात गुंडाळलेला. त्याच्या डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट पाणी येत होतं, जबडा आपोआप चावल्यासारखा हलत होता, आणि एक पाय एका ठेक्यात झटके देत होता. 

"ह्येका शॉक लागलो," काका म्हणाले. "खंय लागलो ता माका दाखव. भाजल्याचो डाग खंय असा?"

"शॉक नाही काका. डिस्टेंपर आहे. कुत्र्यांचा रोग."

"असोच पाय उडयत होतो. असोच."

"कोण?"

ते स्टुलावर बसले. मग जे सांगितलं ते त्यांनी आजवर फक्त काकींना सांगितलं होतं. मी तिथे जायच्या बारा-तेरा वर्षं आधीची गोष्ट. डोंगरावरून जाणाऱ्या लाइनीची देखभाल काकांकडे होती. एका सकाळी ओढ्याच्या कडेला, बरोबर लाइनीखाली, त्यांना एक कोळसुंदा पडलेला दिसला. जिवंत होता. पाय झटकत होता, तोंडाला फेस. काकांना वाटलं, तार कुठेतरी गळते आहे, ओल्या जमिनीत करंट उतरला आहे. त्यांनी धावत जाऊन सगळ्या खोऱ्याची वीज बंद केली. दिवसभर एकेक खांब तपासला. काही सापडलं नाही. गाव चतुर्थीच्या तयारीत होतं, लोकांनी शिव्या घातल्या, वरिष्ठांनी जाब विचारला. लाइन चालू केली. तिसऱ्या दिवशी दुसरा कोळसुंदा, तसाच. आठवड्यात तीन. मग त्या डोंगरातली शीळच बंद झाली. कित्येक वर्षं. आत्ताची सात जनावरं पुढे कधीतरी दोडामार्गाकडून उतरून आली होती.

"ती माज्या लायनीन मेली," काका म्हणाले. "दोष खंय होतो ता माका सापडाक नाय. लायनमन म्हणून कित्याचो मी?"

मी विचारलं, "त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं?"

"येत होतां."

"नाकातून?"

"हय. पिवळां."

"अंगावर भाजल्याचा डाग?"

"नाय. तोच तर सोदत होतंय."

मी त्यांना सावकाश सांगितलं. आता इतक्या वर्षांनी तपासणी करता येणार नाही, म्हणून शपथेवर सांगणार नाही. पण करंट लागलेलं जनावर तिथल्या तिथे मरतं किंवा उठून पळतं. आठवडाभर एकामागून एक अशी मरत नाहीत, त्यांच्या नाकातून पिवळं पाणी येत नाही. हा रोग गावातल्या कुत्र्यांना होतो आणि त्यांच्याकडून रानकुत्र्यांना जातो. रानातल्या टोळीत एकाला झाला की सगळ्यांना होतो, कारण ती एकमेकांची तोंडं चाटतात, एका जागी झोपतात.

काकांनी हाताची मागची बाजू कुत्र्याच्या झटके देणाऱ्या पायाला लावली.

"म्हणजे माजी लायन नाय?"

"नाही काका. तुमची लाइन नाही."

त्यांनी हेल्मेट काढलं. मी ते पहिल्यांदाच काढलेलं पाहिलं. कपाळाचा वरचा भाग बाकीच्या चेहऱ्याहून कितीतरी गोरा होता. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी कुत्र्याला इंजेक्शन भरण्याचं निमित्त करून पाठ फिरवली.

हा दिलासा दोन तास टिकला. संध्याकाळी ते पुन्हा दारात. "म्हणजे आता ह्या कुत्र्यापासून त्या सातांक जायत?"

"जाऊ शकतं."

"मग उद्या सकाळी लागूया."

तो कुत्रा वाचला नाही. पण गावातल्या उरलेल्या प्रत्येक कुत्र्याला लस टोचल्याशिवाय काकांनी मला घरी जाऊ दिलं नाही. मी शीतपेटी घेऊन मागे, ते पुढे. आधी हाताची मागची बाजू नाकाला, मग मानेला, मग एकदम मिठी. "घाल!" लोक म्हणत, "आमका ताप इल्यार कोण इचारीत नाय, कुत्र्याक दोतोर घरात!" एका घरी कुत्रा माळ्यावर जाऊन बसला तर काका खांबावर चढावं तसे चढले आणि त्याला काखेत घेऊन उतरले. दुसऱ्या डोसाच्या वेळी प्रत्येक कुत्र्याला आमची चाहूल लांबूनच लागे आणि सगळा वाडा ओस पडे. आम्ही तेही पुरं केलं. त्यानंतर महिनाभर काकांना झोप नव्हती. सकाळी शीळ आली की माझ्या जनेलीवर टकटक: "सातय असत." बस, एवढंच सांगून जात.

काजूचा हंगाम सुरू झाला तेव्हा त्यांनी एक दिवस टकटक न करता मला अंगणात बोलावलं आणि कानात सांगितल्यासारखं सांगितलं, "पोरां असत. पाच." सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराच्या, उतारावर साळिंदराचं जुनं बीळ होतं, त्यात मेन स्विच व्यायली होती. मला आनंद झाला. काकांना नाही. "आता सगळी एका जाग्यार असत," ते म्हणाले. "एका जाग्यार असलां की फ्यूज एकदम उडता."

आणि दहा-बारा दिवसांत तशी वेळ आलीच.

सोमा हा खालच्या वाड्यावरचा शेतकरी. थोडे माड, थोड्या पोफळी, थोड्या काजू, दोन गायी. त्यातली एक आदल्या वर्षी अडली होती. मी तिथे चार तास मातीत बसून वासरू ओढून काढलं होतं. गाय गेली, पाडी जगली. सोमाच्या बायकोने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. पाडी तिच्या मागून स्वयंपाकघरात यायची. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती बाई काजू वेचत होती, पाडी बाजूला चरत होती. कोळसुंदे आले. बाईने दगड मारले, ओरडली, कोयता घेऊन धावली. ते बाजूला झाले आणि पुन्हा आले. मी पोचले तेव्हा डोकं, कणा आणि गळ्यातली घंटा उरली होती. सोमाची बायको जमिनीवर बसली होती आणि अंगावर उडालेलं रक्त पुसत नव्हती.

मी सोमाला म्हटलं, भरपाईसाठी पंचनाम्याचा कागद करून देते.

"कागदाक बाटलेन दूध पाजू काय दोतोरबाय?" त्याने विचारलं. आवाज चढवलाही नाही.

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात गाव जमलं. सोमाने बीळ शोधून काढलं होतं. आत धूर करायचा, बाहेर पडतील त्यांना दांड्यांनी मारायचं, असं त्याचं म्हणणं. तरुण मंडळी त्याच्या बाजूला होती. वयस्क गावकार, म्हणजे गावचे मानकरी, म्हणाले, "राखणदाराचे कुत्रे ते. तेंका हात लावची रीत नाय."

"राखणदाराक माजीच पाडी गावली?" सोमा म्हणाला.

कायद्याने रानकुत्रा मारता येत नाही, हे मी सांगितलं. ते कुणी फारसं ऐकलं नाही. मग काका उठले. हेल्मेट घातलेलं, चष्मा गळ्यात. आंधळ्या म्हशीची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, नेहमीपेक्षा जास्त रंगवून. बिळाच्या तोंडाशी तर सगळी माती मुतानेच भिजलेली असते, तिथे वाकून बघणाऱ्याचे डोळे दोन दिवसांत जातात.  मागे बसलेले दोघे-तिघे एकमेकांकडे बघू लागले. गोष्ट काम करत होती.

सोमा माझ्याकडे वळला. "दोतोरबाय, तुमी शिकलेली. ह्यां खरां काय? मुतान डोळे जातत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला कळत होतं. नुसती मान हलवायची होती. 'जाऊ शकतात' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गाव घरी गेलं असतं. पण समोर सोमा होता, ज्याच्या गोठ्यात मी कोपरापर्यंत हात घालून बसले होते, आणि तो मला डॉक्टर म्हणून विचारत होता. शिवाय आज खोटं बोलले तर उद्या लशीबद्दल सांगितलेलं कोण मानणार?

"नाही," मी म्हटलं. "त्याने डोळे जात नाहीत."

मंडपात कुणीतरी हसलं. काका खाली बसले.  सोमा म्हणाला, "उद्या सकाळी," आणि माणसं उठली.

मी वनरक्षकाला फोन केला. तो एकटा माणूस, अर्धा तालुका त्याच्याकडे. दुसऱ्या टोकाला होता. उद्या अकरापर्यंत पोचतो म्हणाला. काका त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले आणि उठले. काकी मला म्हणाल्या, "तुजां चुकला असां माका वाटत नाय. पण मी तेंका तसां सांगूक जावचंय नाय."

सकाळी उजाडलं तेव्हा काका घरात नव्हते. मी धावतच सड्याचा उतार गाठला. काका बिळाच्या तोंडाशी, पाठ बिळाला टेकवून बसले होते. हेल्मेट नाही, चष्मा नाही. मी बाजूला बसले. रागावतील म्हणून वाट पाहत होते.

"म्हस कोणाचीच नाय," ते म्हणाले. "मीच केली ती म्हस. म्हातारे सांगत ता थोडां होतां, मी वाढयलां."

"माहीत आहे काका."

"भिवन लोक लांब रवतले असां वाटलां." थोड्या वेळाने म्हणाले, "तू माका लायनीचां खरां सांगलंस, ता माका बरां वाटलां. मग सोमाक खरां सांगलंस तर माका राग येता. ह्यां कसां काय?"

 आमच्या पाठीमागे, मातीच्या आत, बारीक कुरकुर ऐकू येत होती.  काका घाबरलेले होते, आणि हे ते लपवतही नव्हते.

आठच्या सुमाराला सोमा आला. बरोबर सहा जण, हातात दांडे, डोक्यावर सुक्या गवताचे भारे. काकांना बघून ते थांबले.

"उठा लायनमन."

"धूर कर," काका म्हणाले. "मी बसतंय."

"तुमी माजी पाडी बगल्यात? काय उरला होतां ता बगल्यात?"

"बगलंय. तुजी बायल रडता ती आयकतंय. माका सांगूक काय नाय सोमा. तुजां बरोबर असा. पण मी उठूचंय नाय."

सोमाने भारा खाली टाकला. एकाने दांडा काकांच्या पायांजवळ आपटला. मी उभी राहिले तर सोमानेच हात करून त्याला मागे केलं. पुढे काय करायचं हे कुणालाच कळेना. म्हाताऱ्याला ओढून बाजूला करायला कुणी पुढे होईना. मग ते बसले, पंधरा-वीस पावलांवर, करवंदीच्या सावलीत. ऊन चढत गेलं.  काकांच्या ओठांना कोरड पडली होती, मी बाटली पुढे केली तर म्हणाले, "नको. हात सोडूचे नाय," जणू काही ते खांबावर होते.

साडेनऊच्या सुमाराला उतारावर शीळ आली. अगदी हलकी. मेन स्विच होती. बांधाच्या पलीकडे उभी राहिली, फक्त डोकं आणि कान दिसत होते. पोट भरलेलं असणार. ही जनावरं शिकार पोटात घालून आणतात आणि पिलांसमोर ओकतात. ती पिलांना भरवायला आली होती. तिने आम्हाला पाहिलं. पुढे येईना, मागेही जाईना. पुन्हा शीळ.

आतली कुरकुर वाढली. काकांच्या काखेखालून एक काळपट नाक बाहेर आलं. मग सगळं डोकं. पिलू काकांच्या बरगडीवर पाय देऊन वर चढू लागलं, घसरलं, परत चढलं.  मागून दुसरं ढकलत होतं. मादी बांधावर दोन पावलं पुढे आली, थांबली, मागे सरली. तिच्या घशातून एक आवाज येत होता, जो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

सोमा उभा राहिला. मला वाटलं, आता झालं. तो पाच-सहा पावलं आला आणि काकांच्या समोर थांबला. पिलाकडे बघत होता.

"उठा आता," तो म्हणाला. आवाज बदललेला होता. "तुमी बसल्यार ती येवची नाय. पोरां उपाशी असत."

काकांना उठता आलं नाही. पाय बधीर झाले होते. सोमाने त्यांच्या काखेत हात घातला आणि उचललं, मी दुसऱ्या बाजूने. पिलं परत आत पळाली. सगळेच उतरलो. गवताचे भारे तिथेच राहिले. खाली ओढ्यापाशी सोमाने काकांना आपल्या हाताने पाणी पाजलं आणि आपल्या वाटेने गेला. वनरक्षक अकराला आला, पंचनामा लिहिला, सोमाच्या घरी जाऊन बराच वेळ बसला.

दोन दिवसांनी बीळ रिकामं झालं. माणसांचा वास लागला की रानकुत्री पिलं हलवतात, हे मला माहीत होतं, काकांनाही. पण पाच पिलं तोंडात धरून, उन्हातून, किती लांब? शीळ आली नाही. पहिला आठवडा काका रोज डोंगर चढले. दुसऱ्या आठवड्यात सोमाही त्यांच्याबरोबर जाऊ लागला. दोघे बोलत नसत म्हणे. एक ओढ्याची ही बाजू बघे, दुसरा ती. संध्याकाळी काका परत येऊन बाल्कांवात बसत आणि काकींनी विचारायच्या आत म्हणत, "नाय."

पावसाळ्यात माझी बदली पेडण्याला झाली. हरमल-केरीच्या किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना लस टोचत मी फिरू लागले. शॅकवाल्यांच्या मांडीवर वाढलेली ती कुत्री नाकाला हात लावला की हात चाटतात. काकांचा दर रविवारी फोन यायचा. तब्येत विचारत, बाबांच्या खोल्या भरल्या का विचारत, आणि मग थोडा वेळ नुसते थांबत. मीही थांबत असे. "बरां तर," म्हणून ठेवून देत.

दिवाळीनंतर वनरक्षकाने मला एक फोटो पाठवला. हद्दीच्या पलीकडे, पाणवठ्याजवळ झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात आलेला. मी फोनवर सांगितलं नाही. रविवारी स्कूटर काढली आणि गेले.

काकींनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि डोळ्यांनीच विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. काका बाल्कांवात होते. मधल्या काही महिन्यांत बरेच वाळले होते. मी त्यांच्याजवळ बसून मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी काकींचा चष्मा मागवून घेतला आणि फोटो नाकाजवळ धरला. सहा मोठी, व्होल्टेज त्यांत नव्हता. पुढे म्हातारी, मागे तो लंगडा. आणि मध्ये, आता चांगली उंच झालेली, तांबूस रंग धरलेली पिलं.

काकांनी बोट एकेकावरून फिरवलं. मग परत पहिल्यापासून.

"तीन," ते म्हणाले.

"तीन," मी म्हटलं.

त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं नाही. अंगणात कुणाचा तरी कुत्रा येऊन उन्हात पसरला होता, त्याच्याकडे बघत राहिले. काकी दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातात पेले होते आणि त्या ते खाली ठेवत नव्हत्या.

"फोटो ल्हान असा गो," काका म्हणाले. "दोगां भायर रवली असतली."

मी मोबाइल परत घेतला. फोटो चांगला रुंद होता. पाणवठ्याच्या दोन्ही बाजूंना कितीतरी मोकळी जमीन दिसत होती, दगड न् दगड स्वच्छ.

"हो काका," मी म्हटलं. "फोटो लहानच आहे."